थ्री-नॉट-थ्रीची पॉइंट टू-टू

लोक हॉलमध्ये जिथे टीव्ही ठेवतात, तिथे काकूंच्या घरी ड्रॉइंग बोर्ड होता. सिंगापूरच्या पासिर रिसमधल्या त्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमधली खोली बघायला मी पहिल्यांदा गेले, तेव्हा बोर्डावर एक रायफल होती. खरी नव्हे, कागदावरची. पण पूर्ण मापाची, आणि पोटातून उभी चिरल्यासारखी, म्हणजे आतली नळी, खाचा, स्क्रू सगळं दिसत होतं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"थ्री-नॉट-थ्री," काकू म्हणाल्या. "तिची पॉइंट टू-टू करायची आहे. गॅस संध्याकाळी सात ते साडेआठ तुझा. मासे चालतील, जळका लसूण चालणार नाही. बाथरूम कोरडी ठेवायची. खोली बघितलीस का?"

मी पुण्याहून येऊन तीन आठवडे झाले होते. २०१३ साल होतं. एका बँकेच्या सॉफ्टवेअरची तपासणी करायची नोकरी होती, ऑफिस पाच स्टेशनांवर, आणि महिन्याभरात ऑफिसनं दिलेलं हॉटेल सोडायचं होतं. खोलीला खिडकी होती आणि घरात मराठी बोलणारं माणूस होतं. मी हो म्हटलं. रायफलीचं म्हणाल तर, मला वाटलं, एखादीला रांगोळीचा नाद असतो, हिला हा आहे.

काकू तेव्हा बासष्टच्या होत्या. मूळच्या मिरजेच्या. आयटीआयमधून ड्राफ्ट्समन झालेल्या, त्या वर्षीच्या वर्गात एकटी मुलगी. सर्टिफिकेटवर 'ड्राफ्ट्समन' असंच छापलेलं होतं आणि ते त्यांना आवडायचं. लग्न होऊन सिंगापूरला आल्या, नवरा जुरोंगमधल्या एका कारखान्यात टूलरूमला होता, पुढे त्याच कारखान्यात त्यांनीही वीस वर्षं ड्रॉइंगं काढली. कॉम्प्युटर आला तेव्हा त्या शिकल्या, आणि निवृत्त झाल्या त्या दिवशी विसरल्या. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं.

त्या बोलायच्या तेव्हा मिरजेचा 'की' आणि सिंगापूरचा 'लाह' एकाच वाक्यात यायचे. "घे की लाह, एक पोळी काय जड होतेय?" शेजारच्या चिनी आंटीशी इंग्रजीतून बोलतानासुद्धा मधेच 'की' यायचा, आणि आंटीला तो कळायचा.

सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे पेन्सिली तासणं. चार पेन्सिली, ब्लेडनं, वर्तमानपत्रावर. त्याशिवाय चहा नाही. साडी कायम सुती, पदर पिनेनं खांद्याला बांधलेला, आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. "उभं राहायचं कामच असं की तळवा सपाट पाहिजे," असं त्या म्हणायच्या. उभं राहण्याचं कसलं काम ते मला नंतर कळलं.

'अंदाजे' या शब्दावर त्यांचा राग होता. मी म्हटलं, "काकू, मी अंदाजे सातला येते," की त्या म्हणायच्या, "अंदाज मिठाचा करायचा. सात म्हण, नाहीतर साडेसात म्हण." दुसरं एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की पुढे ऑफिसातही वापरायला लागले. "कागदावरची चूक रबरानं जाते, पोलादातली पैशानं जाते."

आणि नियम. सिंगापूर हा नियमांचा देश खराच, पण काकू नसलेले नियमही पाळायच्या. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी सिग्नलचा लाल माणूस हिरवा होईपर्यंत हलायच्या नाहीत. खिडकीबाहेर कपडे वाळवायच्या बांबूवर कुरडया वाळत घालाव्यात की नाहीत, हे विचारायला त्यांनी टाउन कौन्सिलला पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं होतं. कपड्यांव्यतिरिक्त वस्तू टाळाव्यात, असं. त्या दिवसापासून कुरडया घरातच, पंख्याखाली. सगळी पत्रं, सगळी उत्तरं, एका राखाडी फाइलमध्ये तारखेनुसार.

शनिवारी सकाळी काकू एक लांबट पिशवी घेऊन बाहेर पडायच्या. एमआरटीनं, म्हणजे मेट्रोनं, बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, मग बस, मग चालत. दीड तासाचा प्रवास. तिथे त्यांचा नेमबाजीचा क्लब होता. पिशवीत बंदूक नसायची. इथे कुणाच्याच पिशवीत नसते. बंदुका क्लबच्या शस्त्रागारात, कुलपात, प्रत्येकीचा नंबर आणि परवाना. पिशवीत असायचं चामड्याचं जाकीट. ते सुती साडीवर चढवून, पट्टे आवळून, पांढऱ्या बुटांत पाय फाकवून काकू उभ्या राहायच्या आणि कागदी लक्ष्याच्या मधोमध भोकं पाडायच्या. मी हे पुढे डोळ्यांनी बघितलं. त्यांच्याकडे बघून हसू येत नसे. उलट, बाकीचे लोकच नीट कपडे न घालता आल्यासारखे दिसायचे.

तिथे त्या कशा पोचल्या, ते त्यांनी एकदा भाजी निवडताना सांगितलं. लग्न होऊन आल्या तेव्हा चोविशीच्या. नवरा शिफ्टला. भाषा येत नाही, ओळख नाही. दिवसभर घरात बसून, "मी भिंतीवरच्या टाइल्स मोजल्या. मग त्यांचं ड्रॉइंग काढलं." कॉलेजात असताना एनसीसीत त्या पॉइंट टू-टूनं नेम मारायच्या, जिल्ह्यात पहिल्या आल्या होत्या. नवऱ्यानं कुठून तरी क्लबचा पत्ता आणला आणि एका रविवारी त्यांना नेऊन सोडलं. तिथे एक म्हातारे चिनी गृहस्थ होते. सगळे त्यांना अंकल म्हणायचे. त्यांनी काकूंना पहिल्या दिवशी विचारलं, साडीत झोपून गोळी कशी मारणार? काकू म्हणाल्या, उभी राहून. अंकलनी आपली बारीक रायफल त्यांच्या हातात दिली.

पुढची पंचवीस-तीस वर्षं अंकलनी त्यांना शिकवलं. पण अंकलकडे एक दुसरी रायफल होती. जुनी, जड, थ्री-नॉट-थ्री. अक्रोडाचा दस्ता, बापाकडून आलेली. तिला मात्र ते काकूंना हात लावू द्यायचे नाहीत. "खांदा मोडेल तुझा, गर्ल," एवढंच म्हणायचे. काकूंनी पहिली दहा वर्षं मागितली, नंतर मागणं सोडलं.

अंकल वारले, आणि रायफल क्लबकडे आली. क्लबला ती नको होती. तिची काडतुसं महाग, मिळायला मुश्कील, आणि आता नेमबाजीची जी रेंज उरली होती तिथे एवढ्या मोठ्या गोळीला परवानगीच नव्हती. कमिटीनं ठरवलं, वर्षअखेरीस सरकारजमा करायची. म्हणजे वितळवायची.

"चांगलं पोलाद आहे," काकू मला म्हणाल्या. "वितळवायचं कशाला? बेतायची की. आमच्या आईनं शालू फाटल्यावर त्याचा परकर शिवला होता. शालू गेला नाही, लहान झाला."

कल्पना साधी होती, निदान ऐकायला. मोठ्या नळीत बारीक नळी बसवायची आणि मागचं ठोका देणारं तोंड बदलायचं, कारण मोठ्या काडतुसाला ठोका मध्यभागी लागतो आणि बारीक काडतुसाला कडेला. बाहेरून रायफल तीच राहते, आतून पॉइंट टू-टू होते. तिची काडतुसं शेंगदाण्यासारखी, स्वस्त. परदेशातल्या एका कारागिरानं हे करून द्यायचा जो भाव सांगितला, त्यात नवी रायफल आली असती. काकूंनी कमिटीला सांगितलं, मी ड्रॉइंग काढते, क्लबचा बंदूक दुरुस्त करणारा आह सेंग काम करील, त्याच्याकडे परवाना आहे आणि लेथ आहे. बारीक नळी तेवढी विकत आणायची. दहाव्या हिश्शात होतं.

कमिटीचे अध्यक्ष निवृत्त शाळामास्तर होते, सभ्य आणि घाबरट. त्यांनी दोन अटी घातल्या. आधी पोलिसांच्या परवाना खात्याची लेखी मंजुरी. आणि काम झाल्यावर चाचणी: पन्नास मीटरवरून पाच गोळ्या, पाचही एक डॉलरच्या नाण्याएवढ्या वर्तुळात. नाहीतर रायफल वितळणार.

तर बोर्डावर जे होतं ते हे होतं. बारा कागद. मी राहायला गेले तेव्हा सातवा चालू होता.

मला हे सगळं तुटक तुटक माहीत होतं. जेवताना त्या बोलायच्या आणि मी फोनवर बघत हो हो म्हणायचे, त्यातून जेवढं कानात पडलं तेवढंच. मंजुरीचं कानात पडलं नव्हतं. आता वाटतं, चार महिने मी त्यांच्या हातची आमटी खाल्ली आणि एकदाही नीट ऐकलं नाही.

राहायला जाऊन चार महिने झाल्यावरच्या एका शनिवारी दुपारी मी घरी एकटी होते. काकू क्लबमधून येताना बाजार करून येणार होत्या. बेल वाजली. जाळीच्या दाराबाहेर दोन पोलीस, एक पुरुष, एक बाई. अत्यंत नम्र. त्यांनी काकूंचं पूर्ण नाव घेतलं.

"बाहेर गेल्यात," मी म्हटलं.

"एका फायरआर्मसंबंधी त्यांच्याशी बोलायचंय. तुम्ही कोण?"

"टेनंट."

त्यांनी माझं नाव लिहून घेतलं, नोकरीच्या पासाचा नंबर लिहून घेतला, चार वाजता परत येतो म्हणाले आणि गेले. लिफ्टचं दार बंद झाल्याचा आवाज आला.

मी वळले तर समोर बोर्ड. अकरा कागद पुरे झाले होते, बारावा पिनांनी लावलेला, आणि त्यावर चाप, नळी, सगळं बारीक रेषांत.

या देशात बंदुकीच्या बाबतीत फाशी होते, एवढंच मला ऐकून माहीत होतं. माझा पास दोन वर्षांचा, तोही नुकताच मिळालेला. आईबाबांना मी फोनवर सांगतेय असं चित्र डोळ्यांपुढे आलं, की मी जिच्याकडे राहत होते ती बाई घरात बंदूक बनवत होती. मी दुसरा कसलाच विचार केला नाही. बाराव्या कागदाच्या पिना उपसल्या, कपाटावरची अकरा कागदांची गुंडाळी काढली, शेजारची मापांची वही घेतली. स्वयंपाकघरात चुटची, म्हणजे कचरा थेट तळमजल्यावर नेणाऱ्या नळाची, लोखंडी झडप आहे. गुंडाळी आत जाईना, म्हणून मी कागद फाडले. दोन दोन, तीन तीन तुकडे करून आत ढकलले. वही शेवटी. ती खाली जाताना भिंतीवर आपटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मग मी हात धुतले आणि सोफ्यावर बसले.

काकू पावणेतीनला आल्या. पिशव्या ठेवल्या, बूट जागेवर ठेवले आणि बोर्डाकडे बघितलं.

"पोलीस आले होते," मी म्हटलं. "चारला परत येतायत. तुम्ही घाबरू नका, मी सगळं टाकून दिलंय. काही सापडणार नाही."

"काय टाकून दिलंस?"

मी सांगितलं.

त्या ओरडल्या नाहीत. राखाडी फाइल काढली, पान शोधलं आणि माझ्यासमोर धरलं. परवाना खात्याचं पत्र. काकूंनी विचारलं होतं की फेरबदलाची ड्रॉइंगं घरी ठेवलेली चालतील का. उत्तर होतं: चालतील, घरात शस्त्राचा कोणताही भाग असता कामा नये. त्याच्या मागे दुसरं पत्र होतं. अर्जाच्या चौकशीसाठी दोन अधिकारी येतील, त्यांना ड्रॉइंगं दाखवावीत, आणि तीन प्रती महिनाअखेर सादर कराव्यात.

"आजची वेळ चारचीच ठरली होती," काकू म्हणाल्या. "ते लवकर आले." मग घड्याळाकडे बघितलं. "चुट सकाळी रिकामी करतात. अजून खालीच असेल. चल."

ब्लॉकच्या मागच्या बाजूला, प्रत्येक चुटच्या बुडाशी एक लोखंडी दार असतं. सफाई करणारा बांगलादेशी माणूस जवळच झाडाखाली बसला होता. काकूंनी त्याला हिंदीत सांगितलं, त्यानं कडी काढली आणि डबा पुढे ओढला. अकरा मजल्यांचा कचरा. माशांची डोकी, नूडल्स, डायपर. काकू बाह्या सावरून पुढे होत होत्या, पण त्यांच्या आधी मी हात घातले. खांद्यापर्यंत. मी कागद काढत होते आणि काकू ते साडीच्या ओच्याला पुसून एकावर एक रचत होत्या. शेवटी मी डब्यात उतरलेच. वही सापडली, अर्धी कशाच्या तरी रश्शात भिजलेली. बारांपैकी सात कागदांचे तुकडे जुळण्यासारखे निघाले.

ते धुवून वाळवायला हवे होते, आणि घरात पंख्याखाली एवढी जागा नव्हती. काकू क्षणभर खिडकीशी थांबल्या. मग चिमटे घेतले आणि बांबूवर कागद वाळत घातले. अकराव्या मजल्याबाहेर, पासिर रिसच्या उन्हात, रायफलीचे तुकडे हलत होते. शेजारच्या आंटीनं खिडकीतून डोकं काढलं.

"आयो! हे काय वाळवतेस?"

"होमवर्क," काकू म्हणाल्या.

चारला अधिकारी आले. काकूंनी त्यांना खिडकीबाहेर लटकलेली ड्रॉइंगं दाखवली आणि म्हणाल्या, माझ्या घरात अपघात झाला, महिनाअखेर नव्या तीन प्रती देते. माझ्याकडे बोट दाखवलं नाही. पोलीस बाई बांबूकडे बराच वेळ बघत राहिली. तिच्या सहकाऱ्यानं 'अपघात' असं लिहून घेतलं.

हातात एकोणीस दिवस होते.

"मी ऑफिसातल्या कुणाकडून तरी कॉम्प्युटरवर काढून आणते," मी म्हटलं.

"नको. तू माप वाच. मी काढते."

ऑफिसमधून आल्यावर रोज सात ते नऊ मी त्या डागाळलेल्या वहीतली मापं वाचायचे आणि काकू काढायच्या. जिथे शाई गेली होती तिथे त्या डोळे मिटायच्या आणि आकडा सांगायच्या. दोनदा त्यांना आठवेना, तेव्हा शनिवारी क्लबात जाऊन आह सेंगच्या देखत रायफल पुन्हा मोजून आल्या.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी, पेन्सिल न थांबवता त्या म्हणाल्या, "तू घाबरलीस, ते ठीक आहे. परका देश, पोलीस दारात. मीसुद्धा घाबरले असते."

मी वहीचं पान उलटलं.

"पण चार महिने एका घरात राहून तुला वाटलं की मी चोरून बंदूक करते. लाल सिग्नल मोडत नाही मी. ते वाईट वाटलं." मग म्हणाल्या, "पुढचं वाच."

मी पुढचं वाचलं. पुटपुटल्यासारखं वाचलं, म्हणून त्यांनी तोच आकडा दोनदा विचारून घेतला.

प्रती वेळेत गेल्या. मंजुरी यायला अडीच महिने लागले. आह सेंगनं काम करायला तीन शनिवार घेतले. हा माणूस साठीचा, बारीक, कानामागे कायम पेन्सिल, आणि बंदुका दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेलं असूनही गोळी झाडायला नाखूष. आवाज आवडत नाही, म्हणायचा. काकूंची ड्रॉइंगं त्यानं बाकावर काचेखाली ठेवली होती. "तीस वर्षांत मला लोकांनी पाकिटामागे चित्र काढून दिलंय," तो मला म्हणाला. "हे पहिलं खरं ड्रॉइंग."

चाचणीच्या दिवशी पाहुणी म्हणून मला आत सोडलं, कानाला झाकणं देऊन मागच्या बाकावर बसवलं. अध्यक्ष होते, कमिटीचे आणखी दोघं होते. टेबलावर वाळूची पिशवी, तिच्यावर रायफल. बाहेरून ती जशीच्या तशी होती. एवढी मोठी, जड, जुन्या अक्रोडाची. काकू साडीवर जाकीट चढवून खुर्चीत बसल्या. ज्या रायफलीला तीस वर्षं हात लावू दिला नव्हता, तिचा दस्ता त्यांनी खांद्याला लावला आणि बराच वेळ तशाच बसल्या.

आवाज अगदी किरकोळ आला. एक, दोन, तीन, चार. दुर्बिणीतून बघणारा आह सेंग प्रत्येक वेळी मान हलवत होता. पाचव्या गोळीआधी काकू थांबल्या. मग झाडली. आह सेंगची मान हलली नाही.

लक्ष्याचा कागद आणला. चार भोकं एकमेकांना खेटून, जवळजवळ एकच. पाचवं बाजूला, वर्तुळाच्या रेषेवर. अध्यक्षांनी चष्मा वर करून बघितलं. त्यांना रायफल वाचवायची होती, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

"काठावर आहे लाह, मॅडम. आतच धरू या. कॅन, कॅन."

काकूंनी स्वतःच्या पर्समधून भिंग काढलं आणि कागदावर वाकल्या.

"कॅनॉट," त्या म्हणाल्या. "बाहेर आहे."

"अगदी केसभर..."

"केसभर बाहेर म्हणजे बाहेर."

एकोणीस दिवस, अडीच महिने, तीन शनिवार, आणि ही बाई स्वतःच्या तोंडानं रायफल भट्टीत घालत होती. आह सेंग खाली बघत बोटं पुसत होता.

"पण चूक रायफलीची नाही," काकू म्हणाल्या. "माझी आहे. चार गोळ्या मी नीट मारल्या. पाचवीला अंकल आठवले. खांदा मोडेल म्हणायचे ना. खांद्यानं ते ऐकलं आणि आधीच मागं सरला. धक्का आलाच नाही. ही आता धक्का मारतच नाही." मग अध्यक्षांकडे वळल्या. "तुमच्या अटीत पाच गोळ्या लिहिलंय. कुणी मारायच्या, ते लिहिलंय का?"

अध्यक्षांनी कागद काढला, वाचला. लिहिलं नव्हतं.

"मग आह सेंग मारील."

"मी? नो लाह, मी मारत नाही..."

"तू तिला आतून बघितलंयस. तुला तिची भीती नाही. बस."

आह सेंग बसला. त्यानं कानावर झाकणं चढवली, त्याखाली आणखी कापूस कोंबला, आणि नळाची चावी फिरवावी तसा निर्विकारपणे पाच वेळा चाप ओढला. कागद आला. काकूंनी भिंग लावलं. या खेपेला त्यांनी जास्तच वेळ घेतला, कदाचित मुद्दाम.

"आत," त्या म्हणाल्या. "पाचही."

अध्यक्षांनी तिथल्या तिथे सही केली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, रेंजवर तशी पद्धत नाही. काकूंनी जाकिटाचे पट्टे सोडले आणि बिनसाखरेची काळी कॉफी मागितली. परतीच्या बसमध्ये त्या पूर्ण वेळ झोपल्या, माझ्या खांद्यावर डोकं टाकून. एरवी त्या बसमध्ये पाठही टेकत नसत.

पुढे काय झालं म्हणाल, तर विशेष काही नाही. क्लबच्या नव्या लोकांना ती रायफल शिकायला देऊ लागले. जड असल्यामुळे हात स्थिर राहतो आणि धक्का नाही, म्हणून नवख्यांना ती बरी पडायची. काकू तिच्यावर दर शनिवारी पाच गोळ्या झाडायच्या, पाचच. कधी पाच आत, कधी चार. घरी येऊन आकडा कॅलेंडरवर लिहायच्या. बोर्डावर आता क्लबच्या खुर्च्यांची ड्रॉइंगं लागली. काकूंच्या मते त्या खुर्च्यांची उंची चुकीची होती.

मी त्या खोलीत आणखी तीन वर्षं राहिले. जेवताना फोन खोलीत ठेवायला लागले. चाचणीनंतर नऊ महिन्यांनी मी काकूंना म्हटलं, मलाही क्लबात यायचंय, शिकायचंय. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. फॉर्म आणला. फॉर्मला एका जुन्या सभासदाची शिफारस लागायची. ती त्यांनी भरली, तासलेल्या पेन्सिलीनं आधी आणि मग शाईनं.

मी सही करायला फॉर्म घेतला तर एक रकाना होता: शिफारस करणारा अर्जदाराला किती काळ ओळखतो. काकूंनी लिहिलं होतं, एक वर्ष, एक महिना, सहा दिवस.

मी मोजलं. "काकू, हे चुकलंय. मी तुमच्याकडे येऊन दीड वर्ष होत आलं की. चार महिने कमी पडतायत."

त्या खुर्चीचा पाय आखत होत्या. मान वर केली नाही.

"कमी नाहीत. डब्यात उतरलीस त्या दिवसापासून धरलंय," त्या म्हणाल्या. "त्याच्या आधी तू भाडेकरू होतीस. सही कर."